कपाटाची पाठ

घरातले लाकडी कपाट आपण रोज पाहतो. परंतु त्याची पाठ आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? कपाट एकदा भिंतीला टेकले की दारे, मुठी आणि फार तर एखादी बाजू नजरेला पडते. पाठ भिंतीकडे, तळ जमिनीकडे आणि माथा छताकडे राहतो. विकत घेणारा किंमत सगळ्या बाजूंची मोजतो, पाहतो मात्र निम्म्याच. उरलेल्या निम्म्या बाजूंविषयी तो करणाऱ्याच्या शब्दावर विसंबलेला असतो. या लेखातील प्रश्न एवढाच आहे : जे गिऱ्हाईक पाहणार नाही, ज्याविषयी विचारणार नाही आणि ज्याचा त्याला कदाचित कधीच पत्ता लागणार नाही, त्या भागाबाबत करणाऱ्यावर कोणते कर्तव्य आहे?

हा प्रश्न मी ग्रंथांच्या पानांवरून उचललेला नाही. तो माझ्याच घराच्या मागच्या पडवीत, माझ्याच हातून उभा राहिला आणि त्याने मला बराच काळ स्वस्थ बसू दिले नाही. म्हणूनच तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रेषित आणि लाकूड

मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात इमामत करतो. फजरनंतर मुलांना कुरआन शिकवायचे आणि त्यानंतर जोहरच्या अजानपर्यंत पडवीत लाकूडकाम करायचे, असा माझा दिनक्रम आहे. रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या ही वडिलांनी मागे ठेवलेली दौलत. वर्षाकाठी दोन-तीन कपाटे, एखादा पलंग आणि काही रेहली एवढेच काम होते. पण मशिदीच्या मानधनाला त्याचा मोठा आधार आहे.

इमामाने सुतारकाम करावे याचे काहींना नवल वाटते. वास्तविक या कामाला फार थोर वारसा आहे. हजरत नूह (अलै.) यांनी अल्लाहच्या आज्ञेने आणि त्याच्या देखरेखीखाली नौका बांधली. सूरह हूदमध्ये हा प्रसंग आला आहे. ये-जा करणारे लोक त्यांची थट्टा करीत असत, हेही तेथेच सांगितले आहे. सूरह कमरमध्ये त्या नौकेचा उल्लेख फळ्या आणि खिळे यांची, असा आला आहे. मानवजातीला तारणाऱ्या त्या नौकेची ओळख करून देताना ईशवाणीने सुताराच्या हातातल्या याच दोन वस्तूंची नावे घ्यावीत, ही विचार करण्याजोगी बाब आहे. हजरत जकरिया (अलै.) हे सुतार होते, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. आदरणीय प्रेषित (स.) यांच्यासाठी मदीनेत पहिले मिंबर तयार झाले, ते एका अन्सारी महिलेच्या सुतारकाम जाणणाऱ्या गुलामाने गाबा या ठिकाणच्या झाऊच्या लाकडापासून बनविले. त्याला तीन पायऱ्या होत्या. ज्या पायऱ्यांवरून जगाला सत्याचा उपदेश झाला, त्या एका कष्टकऱ्याच्या हातच्या होत्या. तेव्हा लाकडाला हात लावणे कमीपणाचे नाही. प्रश्न आहे तो हात कसा चालतो याचा.

एक पट्टा, तीन इंचांचा

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एका वयस्क भगिनीने माझ्याकडे दोन दारांचे कपाट करायला सांगितले. त्यांना सारे खाला म्हणतात; मीही म्हणतो. त्यांच्या यजमानांच्या पश्चात त्यांनी मासळी सुकवून, विकून पैसे साठवले होते. यजमानांची कागदपत्रे, त्यांची कुरआनची प्रत आणि घरातले चार चांगले कपडे ठेवायला आयुष्यभर टिकणारे कपाट त्यांना हवे होते. त्यांची अट एकच होती : आतबाहेर अस्सल सागवान हवे, वाळवी लागणारे काही नको. मी होकार दिला आणि त्यांनी सारी रक्कम आधीच माझ्या हातात ठेवली.

येथे लाकडाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सागाच्या ओंडक्यात दोन भाग असतात. आतला गाभा सोनेरी-तपकिरी असतो. त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतचा पट्टा फिकट असतो. झाड जिवंत असताना मुळांकडून येणारे पाणी याच पट्ट्यातून वर चढते. त्यात पिष्टमय अंश असतो आणि गाभ्याचे संरक्षण नसते. म्हणून कीड आणि वाळवी पहिल्यांदा तेथेच शिरते. दोन्ही भाग एकाच झाडाचे, दोन्ही सागवानच. पण टिकाऊपणात जमीन-अस्मानाचा फरक. वखारीत घनफुटाचा भाव करताना जाणता सुतार या फिकट पट्ट्याकडे सर्वात आधी पाहतो.

कपाट पूर्ण होत आले आणि पाठीसाठी दोन फळ्या कमी पडल्या. वखारीत जायचे तर एक दिवस मोडणार होता, भाव वाढला होता आणि पावसाचे ढग दिसू लागले होते. कोपऱ्यात जुन्या दोन फळ्या होत्या. दोन्हींच्या एका कडेला सुमारे तीन इंचांचा फिकट पट्टा होता आणि एका ठिकाणी किडीची चार-पाच बारीक भोकेही होती. मी त्या फळ्यांना रंधा मारला. भुसा आणि सरस यांची लांबी करून भोके भरली. फिकट पट्ट्यावर गडद पॉलिशचे दोन हात दिले. रंग असा मिळून आला की, माझा मलाच अभिमान वाटला. त्या फळ्या पाठीच्या चौकटीत बसवल्या आणि कपाट खालांच्या घरी पोहोचवून भिंतीला लावले. शेजारच्या बायका कपाट पाहायला आल्या. एकीने पाठ पाहण्यासाठी वाकून भिंतीकडे डोकावले, तेव्हा खाला म्हणाल्या, ‘‘अगं, इमामसाहेबांनी केलंय. त्यात काय बघायचं?’’

हे वाक्य मी ऐकले आणि हसून घरी आलो.

त्याच आठवड्यात जुम्याच्या खुतब्याचा माझा विषय होता : व्यवहारातील सचोटी. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी मापात मारणाऱ्यांची जी दुर्दशा वर्णिली आहे, ती मी सांगितली. नंतर धान्याच्या ढिगाचा सुप्रसिद्ध प्रसंग सांगू लागलो. आदरणीय प्रेषित (स.) बाजारातून जाताना एका धान्याच्या ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विचारणा केल्यावर विक्रेत्याने पाऊस पडल्याचे सांगितले. त्यावर प्रेषितांनी म्हटले, त्याचा आशय असा की, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? जो फसवणूक करतो त्याचा माझ्याशी संबंध नाही. हे सांगत असताना माझा हात मिंबरच्या लाकडी कठड्यावर होता. पॉलिशचा गुळगुळीत स्पर्श बोटांना जाणवला आणि क्षणभर मी पुढचे शब्द विसरलो. समोरच्या सफेतल्या लोकांना वाटले असेल की, इमामाचे मन भरून आले. वास्तविक मन भरून आले नव्हते, ते पकडले गेले होते.

पाऊस आणि माणूस

त्या रात्री मी हा हदीस पुन्हा उघडून बसलो. मदरशात शिकताना आणि नंतर अनेकदा शिकवताना जी गोष्ट लक्षात आली नव्हती, ती तेव्हा आली. धान्य भिजले होते ते पावसाने. पाऊस अल्लाहच्या आज्ञेने पडतो. त्यात विक्रेत्याचा अपराध काहीच नव्हता. भिजलेले धान्य विकायलाही त्याला मनाई झाली नाही. ते वर ठेव, एवढेच सांगितले गेले. म्हणजे दोष हा गुन्हा नव्हता. दोषाची जागा हा गुन्हा होता. ओल पावसाने आणली, पण तिला खाली माणसाने ठेवले.

लाकडाचेही तसेच आहे. फिकट पट्टा असणे, गाठ असणे, शिरांना पीळ असणे ही झाडाची प्रकृती आहे. अल्लाहने झाड जसे वाढवले तसे ते वाढले. त्या पट्ट्याला भिंतीकडे तोंड करून उभे करणे आणि त्यावर गडद रंग चढवणे ही मात्र माझी करणी होती. निसर्गातील उणिवेला खोटेपणाचे रूप माणूस देतो. फळीपाशी तोंड नसते. तिच्या वतीने बोलायचे ते सुताराने. मी तिला खोटे बोलायला लावले होते.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये उपजीविकेच्या शिष्टाचाराचा जो भाग लिहिला आहे, त्यात या विषयाची फार बारकाईने चर्चा केली आहे. विक्रेत्याने वस्तूचे उघड आणि छुपे सारे दोष सांगितले पाहिजेत. कापडाची चांगली बाजू दाखवून दुसरी झाकणारा, अंधाऱ्या जागी कापड दाखवणारा किंवा जोडीपैकी चांगलेच पायताण पुढे करणारा, हे सारे फसवणूक करणारे होत, असे त्यांनी प्रतिपादन केले आहे. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या बाजाराचे वर्णन वाचताना मला माझी पडवी दिसली. अंधारी जागा म्हणजे दुकानाचा कोपराच असतो असे नाही. कपाटामागची भिंतही अंधारी जागाच आहे.

धर्मशास्त्राच्या विद्वानांनी दोष म्हणजे काय याचीही कसोटी दिली आहे. व्यापारी लोकांच्या रूढ व्यवहारात ज्यामुळे वस्तूची किंमत घटते, तो दोष, असे हनफी ग्रंथांत सांगितले जाते. असा दोष नंतर आढळल्यास घेणाऱ्याला व्यवहार मोडण्याचा अधिकार राहतो. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. ही कसोटी मी स्वतःला लावली. तीच फळी मी वखारीत विकत घ्यायला गेलो असतो, तर त्या पट्ट्याचे पैसे कापून घेतले असते की नाही? निःसंशय घेतले असते. घेताना जो मला दोष दिसतो, तो देताना दिसेनासा होतो, यालाच तर सूरह मुतफ्फिफीनमध्ये दोन मापे म्हटले आहे : घेताना भरून घ्यायचे, देताना घटवून द्यायचे. तराजू माझ्या हाती नव्हता, म्हणून मी स्वतःला त्या आयतींच्या बाहेरचा समजत होतो.

मागणीप्रमाणे वस्तू घडवून देण्याच्या व्यवहारात ही जबाबदारी आणखी वाढते. हनफी विद्वानांनी अशा कराराला इस्तिस्ना या नावाने, लोकव्यवहाराची गरज ओळखून, मान्यता दिली. आमच्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत. त्या मतानुसार तो सलमच्या अटींतच बसवावा लागतो, ज्यात पूर्ण किंमत करार होतानाच दिली जाते. मतभेद आहेत, परंतु वस्तूचे वर्णन नेमके ठरलेले असावे, यावर दोन्हीकडे भर आहे. त्यामागचे कारण उघड आहे. तयार वस्तू विकताना ती समोर असते. घेणारा तिला हात लावू शकतो. घडवून द्यायची वस्तू करार होताना अस्तित्वातच नसते. तेव्हा समोर असतो तो केवळ शब्द. खालांनी माझ्याकडून कपाट घेतले नव्हते. माझा शब्द घेतला होता आणि त्याचे पूर्ण पैसे मोजले होते.

मनाने काढलेल्या पळवाटा

मनुष्याचे मन मोठे वकील असते. दोन दिवस त्याने माझ्या बाजूने जोरदार युक्तिवाद केला. ते युक्तिवाद येथे नोंदवतो, कारण ते माझ्या एकट्याचे नाहीत.

पहिला युक्तिवाद असा की, सगळेच असे करतात. पाठीला हलके लाकूड वापरण्याची रीतच आहे. ही गोष्ट अर्धी खरी आहे. पाठीला प्लायवूड लावण्याची रीत सर्वत्र आहे आणि ते सांगून लावले तर त्यात काहीही गैर नाही. उलट विनाकारण महागडे लाकूड भिंतीकडे लावायला लावणे, हा गिऱ्हाइकाच्या पैशाचा अपव्यय ठरू शकतो. परंतु रीत ही उघड गोष्टीची असते. ज्याला लांबी भरून आणि रंग चढवून लपवावे लागते, त्याला रीत म्हणता येत नाही. लपवण्यासाठी घेतलेले कष्ट हीच साक्ष आहे की, करणाऱ्याला ते सांगायचे नव्हते.

दुसरा युक्तिवाद : मजुरी मी कमीच घेतली होती, तेव्हा थोडे इकडेतिकडे चालायचेच. परंतु कमी मजुरी ठरवताना मी खालांना असे म्हणालो नव्हतो की, या दरात पाठ कच्ची मिळेल. औदार्य दाखवायचे एका हाताने आणि त्याची भरपाई गुपचूप करायची दुसऱ्या हाताने, तर ते औदार्य राहत नाही; ती उधारी होते आणि तीही समोरच्याला न विचारता घेतलेली.

तिसरा युक्तिवाद सर्वात मोहक होता : त्यांना कधी कळणारच नाही, मग त्यांचे नुकसान ते काय? येथे लाकडानेच मला उत्तर दिले. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरतात. कपाटाचा जो भाग त्या ओलीला सर्वात जवळ असतो, तो म्हणजे पाठ. जिथे हवा खेळत नाही, ऊन पोचत नाही आणि झाडू फिरत नाही, तिथेच वाळवी माती चढवते. याचा अर्थ असा की, जी बाजू माणसाच्या नजरेपासून सर्वात दूर, तीच संकटाच्या सर्वात जवळ. दर्शनी दाराला कच्चा पट्टा लावला असता तर कदाचित ते वीस वर्षे टिकले असते. मी कच्चे लाकूड नेमके तिथे लावले होते जिथे पक्क्याची गरज होती. खालांना कळले नसते हे खरे; परंतु आठ-दहा वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात यजमानांच्या कुरआनच्या प्रतीखाली माती दिसली असती आणि त्यांनी दैवाला बोल लावला असता. माझे पाप त्यांनी नशिबाच्या नावावर लिहिले असते.

जगातील बराचसा अन्याय असाच दैवाच्या खात्यावर जमा होत असावा. पहिल्याच पावसात उखडलेला रस्ता, अवेळी गळू लागलेले छप्पर, न टिकलेले औषध; यांच्यामागे पुष्कळदा कुणाच्या तरी हातचा भिंतीकडे वळवलेला फिकट पट्टा असतो.

पाहणारा कोण?

हदीस-ए-जिब्रीलमध्ये एहसानचा अर्थ सांगितला आहे. त्याचा आशय असा की, अल्लाहची उपासना अशी करावी, जणू आपण त्याला पाहत आहोत. आणि तसे साधत नसेल तर तो आपल्याला पाहतो आहे, ही जाणीव तरी असावी. आपण हे वचन बहुधा नमाजसंदर्भात सांगतो. परंतु सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान ठरवून दिल्याचे सांगितले आहे आणि उदाहरण दिले आहे ते जनावराच्या जबहचे. सुरी धारदार करावी, जनावराला यातना होऊ देऊ नयेत. उपासनेतील सर्वोच्च अवस्थेचे नाव येथे हत्याराच्या धारेशी जोडले गेले आहे. सुरीला जर एहसानचा नियम आहे, तर पटाशीला आणि रंध्याला तो नसेल कसा?

याबाबत सूरह सबामधील हजरत दाऊद (अलै.) यांचा प्रसंग मला सर्वात अधिक बोलका वाटतो. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखते बनवायला सांगितले. एवढे सांगून थांबले नाही, तर कड्या योग्य मापाने गुंफाव्यात, असेही बजावले. आणि त्याच आयतीत पुढे सदाचाराची आज्ञा देऊन, तुम्ही जे करता ते अल्लाह पाहत आहे, असे सांगितले. चिलखताची एकेक कडी कुणी तपासत नाही. ती सैल आहे की घट्ट, हे योद्ध्याला रणांगणावर, वार झाल्यावरच कळते. म्हणूनच कड्यांच्या मापापाठोपाठ अल्लाहच्या पाहण्याचा उल्लेख आला असावा, असे मला वाटते. जिथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचत नाही, तिथे ती नजर आधीपासून असते.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. करणे बंधनकारक आहे ते आणि करणे उत्तम आहे ते, यांत गल्लत होऊ नये. ठरल्याप्रमाणे देणे हा न्याय आहे; ते ऐच्छिक नाही, ते घेणाऱ्याचे हक्काचे देणे आहे. ठरल्याहून अधिक, न दिसणाऱ्या जागीही जीव ओतून करणे हे एहसान आहे. पाठीची फळी चौकटीच्या खाचेत थोडी मोकळी ठेवावी लागते, कारण लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. लांबीला मात्र जवळजवळ बदलत नाही. सरस लावून ती घट्ट बसवली तर काही वर्षांत तडकते. ही मोकळीक ठेवणे कौशल्याचे काम आहे. ते न करणारा सुतार गिऱ्हाइकाचे देणे बुडवतो. परंतु त्याच पाठीवर कुणी नक्षी कोरू लागला आणि त्यापायी ठरलेली मुदत टळली, तर तो एहसान नव्हे. तो कारागिराचा अहंकार होय. मी स्वतः या दोन्ही टोकांना गेलो आहे. दर्शनी दारांच्या शिरा एकमेकींशी जुळाव्यात म्हणून मी चार दिवस घालवले होते, कारण ती दारे लोक पाहणार होते. पाठीसाठी एक दिवस काढवला नाही. तेव्हा माझ्या कामाचा किब्ला लोकांच्या डोळ्यांकडे होता, हे मान्य केले पाहिजे. दिखाव्यासाठीच्या नमाजला आपण रिया म्हणतो. दिखाव्यासाठीच्या कारागिरीला दुसरे नाव कशाला हवे?

खालांचा प्रश्न

तिसऱ्या दिवशी असरनंतर मी खालांकडे गेलो. वाटेत दोनदा परत फिरण्याचा विचार आला. गावात इमामाची अब्रू ही त्याची एकटीची नसते. ती मिंबरची असते, असे मन सांगत होते. पण हाच युक्तिवाद उलटाही लागू होता. खालांनी शेजारणीला पाठ पाहू दिली नव्हती, ती मिंबरवरच्या विश्वासामुळेच. दुसऱ्या एखाद्या सुताराने हेच केले असते, तर त्याने फक्त एक गिऱ्हाईक फसवले असते. मी प्रेषितांच्या वचनांवर लोकांनी ठेवलेला विश्वास लाकूड झाकण्यासाठी वापरला होता. त्या गडद पॉलिशमध्ये तोही एक हात होता.

मी त्यांना सगळे सांगितले. पट्टा, भोके, लांबी आणि रंग. व्यवहार मोडून पैसे परत घेण्याचा त्यांना अधिकार आहे, हेही सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘पैसे नकोत. पाठ बदलून द्या.’’ मी उठलो, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘मौलाना, याच्या आधी केलेल्या कपाटांचं काय?’’

या प्रश्नाची तयारी मी करून गेलो नव्हतो. तौबा म्हणजे मन हलके होणे, अशी आपली समजूत असते. परंतु माणसांच्या हक्कांच्या बाबतीत तौबेची एक अट अशी की, ज्याचे घेतले त्याला परत करावे किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावे. केवळ अश्रूंनी ते खाते मिटत नाही. मी घरी येऊन वही काढली आणि आजवर केलेल्या कामांची यादी केली. प्रत्येक कामापुढे आठवेल ते लाकूड लिहिले. तीन ठिकाणी मन अडखळले. एका घरी जाऊन मी पलंगाची तळची फळी बदलून दिली. दुसऱ्या घरच्यांनी ऐकून घेतले आणि माफ केले. तिसरे कुटुंब आता मुंबईला राहते. त्यांना फोन करून सांगितले, तेव्हा पलीकडून बराच वेळ शांतता होती आणि मग फळीच्या फरकाची रक्कम पाठवून द्यायला सांगण्यात आले. मी ती पाठवली. त्यांनी माफ केले नाही आणि तो त्यांचा हक्क होता.

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्यातील कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष न सांगता विकले आणि घेणारा कोण होता हे सापडेना, तेव्हा त्यांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. ही गोष्ट मी मुलांना अनेकदा सांगितली होती, परहेजगारीचे एक नवल म्हणून. आता ती मला नवल वाटत नाही, हिशेब वाटते. एका कापडाचा दोष साऱ्या गल्ल्यात मिसळतो. कोणता पैसा स्वच्छ आणि कोणता नाही, हे नंतर निवडता येत नाही. फिकट पट्टा फळीच्या कडेला असतो खरा, पण वाळवी तेथून शिरते आणि नंतर कडेलाच थांबत नाही.

आपापली पाठ

वाचकहो, सुतारकाम तुमच्यापैकी थोड्यांचे असेल. पण पाठ प्रत्येकाच्या कामाला असते. शिक्षकाने तयारी न करता घेतलेला तास, गवंड्याने गिलाव्याखाली झाकलेली सिमेंटची कमतरता, दुकानदाराने खाली घातलेली फळे, कचेरीतल्या माणसाने न वाचता केलेली सही आणि इमामाने स्वतः न पाळता दिलेला उपदेश. या सगळ्या भिंतीकडे वळवलेल्या बाजू आहेत. घेणारा आणि देणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तर व्यवहारात बरकत होते, लपवले तर ती नष्ट होते, या आशयाचा हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. बरकत वाढलेली दिसत नाही आणि नष्ट झालेलीही दिसत नाही. तीही कपाटाच्या पाठीसारखीच आहे. कळते ती पावसाळे गेल्यावर.

मी खालांच्या कपाटाला नव्या फळ्या बसवल्या, त्या दिवशी कपाट अंगणात ओढले होते. शेजारणी पुन्हा जमल्या होत्या. खालांनी यावेळी त्यांना थांबवले नाही. उलट स्वतःच बोट फिरवून पाठ दाखवली. नव्या फळ्यांना मी पॉलिश केले नव्हते, नुसते तेल दिले होते, म्हणजे शिरा उघड दिसाव्यात. आता कुणी काम सांगायला आले की, मी त्याला लाकूड रंगवण्यापूर्वी एकदा पडवीत बोलावतो आणि प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी उलटून दाखवतो. काहींना कंटाळा येतो. ते म्हणतात, तुमच्यावर विश्वास आहे. मी म्हणतो, विश्वास आहे म्हणूनच पाहा.

एके दिवशी आपल्या सर्वांना भिंतीपासून ओढून उजेडात उभे केले जाणार आहे. त्या दिवशी दर्शनी दारे कुणी पाहणार नाही. सूरह तारिकमध्ये त्या दिवसाचे वर्णन गुपिते पारखली जाण्याचा दिवस, असे आले आहे. अल्लाह आपल्या हातांना त्या जागी प्रामाणिक राहण्याची सद्बुद्धी देवो, जिथे त्याच्याशिवाय कुणी पाहत नाही. आणि जे आपण झाकून ठेवले आहे, ते ती घडी येण्यापूर्वी स्वतः उघड करून दुरुस्त करण्याचे धैर्य देवो. आमीन.